न जळलेल्या गॅसचं लाईटबिल

(वस्तीतल्या पोरापोरींच्या रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे. शिव्या तेवढ्या कमी केल्यात.)



मला सांगण्यात आलं होतं की 'ऊर्जा आणि पर्यावरण' या विषयावर बोला. विषय ऐकूनच घाम फुटला. पर्यावरण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एक सफारीवाला साहेब उभा राहतो. बाटलीतलं पाणी पितो आणि आपल्याला सांगतो, तुम्ही लाकडं जाळता म्हणून जंगल संपलं. या माणसाची आणि माझी जन्मात ओळख होणार नाही. म्हणून मी विषय बदलून घेतला. मी लाईटबिलावर बोलणार आहे. ते आपल्या सगळ्यांच्या घरी येतं, न बोलावता येतं, आणि जात विचारत नाही असं म्हणतात. हे म्हणणं कितपत खरं, ते आपण आज बघू.

मी आयटीआयचा वायरमन. कल्याणच्या पूर्वेकडे वाढलो. आमच्या गल्लीत नऊ घरांना मिळून एक मीटर होता. मीटर एका मुकादमाच्या नावावर. तो पॉइंटमागे पैसे घ्यायचा. बल्बचे वेगळे, पंख्याचे वेगळे. टीव्ही आला तेव्हा टीव्हीचे वेगळे. आई धुणीभांडी करून आणायची त्यातले किती बत्तीला जायचे, ते ती डब्याच्या झाकणाला खडूने लिहून ठेवायची. आता बघा, वीजदराच्या पायऱ्या असतात. पहिल्या १०० युनिटांना सगळ्यात कमी दर. १०१ ते ३०० ला त्याहून जास्त. मग ५०० पर्यंत आणखी वर. ही पायरी गरिबासाठी आहे, असं सांगतात. कागदावर आहेच. पण नऊ घरं एका मीटरवर टांगली की मीटरला वाटतं, इथं कुणी शेठ राहतो. शेठच्या दराने आम्ही वर्षानुवर्षं चाळीसचे बल्ब जाळले. मीटर नावावर व्हायला घर नावावर पाहिजे, आणि घर नावावर व्हायला… पुढचं तुम्हांला ठाऊक आहे.

२००० साली दर वाढले. राज्य वीज नियामक आयोगाचा तो पहिला दरनिर्णय. मुकादमाने पॉइंटचे पैसे वाढवले. आई मला म्हणाली, तू लाईटीचं शिकतो ना, मग सांग, आपण काय जास्त जाळलं? मला सांगता आलं नाही. आयटीआयमध्ये आम्हांला तार कशी सोलायची ते शिकवलं होतं. दर कोण सोलतो ते शिकवलं नव्हतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला बरीच वर्षं लागली. ते सापडलं ते आमच्या गल्लीत नाही, मंत्रालयातही नाही. दोनशे किलोमीटर लांब, गुहागर तालुक्यात, समुद्राच्या काठाला सापडलं.

तिकडे जाण्याआधी एक गोष्ट. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण जयंतीला सांगतो. पण त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीज होती, हे कोण सांगतो? १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये विजेच्या धोरणाच्या समितीपुढे ते बोलले. त्यांनी काय विचारलं? वीज सरकारच्या हातात असावी की खाजगी मालकाच्या? आणि कशी केली तर ती मुबलक आणि स्वस्त होईल? दोन्ही एकदम. नुसती मुबलक नाही, स्वस्तही. कारण त्यांचा हिशेब साधा होता. शेतीवर माणसांचा भार मावत नाही, गावात राहून आपली सुटका नाही, उद्योग आले पाहिजेत, आणि स्वस्त विजेशिवाय उद्योग येत नाहीत. लाईटीचा दर हा त्यांच्या लेखी माणसाच्या गुलामीचा प्रश्न होता. आपण मात्र त्यांना निळ्या कोटात उभं करून हातात पुस्तक दिलं आणि मीटरकडे पाठ करून बसलो.

आता गुहागर. अंजनवेल, वेलदूर, रानवी ही गावं. १९९२ च्या जूनमध्ये एन्रॉन नावाची अमेरिकन कंपनी आली आणि राज्य वीज मंडळाबरोबर तिनं सामंजस्याचा कागद केला. निविदा नाही, स्पर्धा नाही. साधं गटाराचं काम द्यायचं तरी नगरपालिका तीन दरपत्रकं मागवते! १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. कंपनी म्हणाली, आम्ही परदेशातून द्रवरूप गॅस जहाजानं आणू, त्यावर वीज करू. कोळसा घाण, गॅस स्वच्छ. कोळसा जुना, गॅस आधुनिक.

गॅस कोळशापेक्षा स्वच्छ आहे, हे खोटं नाही. चंद्रपूरला, कोराडीला राख खाऊन जगणारी माणसं मी बघितलीत. त्यांच्यापुढे जाऊन मी कोळशाची आरती करणार नाही. गॅस जाळला तर कोळशाच्या मानाने निम्म्याच्या आसपास कार्बन हवेत जातो, राख उरत नाही. पण विहिरीतून, नळ्यांतून जो न जळता गळतो तो मिथेन, आणि तो हवा तापवण्यात कार्बनपेक्षा कैक पटींनी वाईट. हे झालं धुराचं. माझा मुद्दा कराराचा आहे.

त्या कराराला मी खानावळ म्हणतो. समजा तुम्ही खानावळीत डबा लावला. मालक म्हणाला, जेवा नाहीतर उपाशी राहा, महिन्याचे अमुक पैसे द्यायचेच. बरं. वर म्हणाला, तांदळाचा भाव वाढला तर फरक तुम्ही द्यायचा. बरं. आणखी वर म्हणाला, पैसे रुपयांत मोजायचे नाहीत, डॉलरच्या भावाने मोजायचे, आणि डॉलर महागला तर तोही फरक तुमचा. तुम्ही अशी खानावळ लावाल? आपल्यातला चौथी नापास माणूसही त्या मालकाला ताटासकट बाहेर काढील. मंडळानं ती खानावळ लावली, वीस वर्षांसाठी! राज्य सरकारनं हमी दिली, त्यावर केंद्र सरकारनं उलटहमी दिली.

कुणी सावध केलं नव्हतं असं नाही. जागतिक बँक काही आपली मावशी नाही. पण १९९३ साली तिनंसुद्धा या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला. वीज महाग पडेल, एवढ्या मोठ्या केंद्राची आत्ता गरज नाही, असं तिचं म्हणणं होतं. पुण्याच्या 'प्रयास' गटातल्या अभ्यासू पोरांनी आकडेमोड करून तेच मांडलं. कोकणातले लोक रस्त्यावर आले. त्यांना आकडेमोड लागली नाही. त्यांना खाडी, मासे आणि आंब्याच्या बागा कळत होत्या.

१९९५ च्या निवडणुकीत तर आरोळी होती की एन्रॉन अरबी समुद्रात बुडवणार. सरकार बदललं. ऑगस्टमध्ये करार रद्द झाला. पेढे वाटले गेले. आणि १९९६ च्या सुरुवातीला तोच प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन समुद्रातून वर आला! आधी २०१५ मेगावॅटचा होता, तो २१८४ चा झाला. केंद्राच्या उलटहमीवर शिक्का कधी बसला, माहीत आहे? १९९६ च्या मे महिन्यात, तेरा दिवस टिकलेल्या सरकारनं, लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालू असताना, राजीनाम्याच्या तोंडावर. घर सोडून जाताना भाडेकरूने दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढून जावं तसं.

कंपनीच्या एका बाईंनी १९९५ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं की भारतात लोकांना शिक्षित करण्यावर आणि प्रकल्प उभा करण्याच्या खटपटीवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले. शिक्षण! आपल्या बापजाद्यांना पाटीला हात लावू दिला नाही आणि इथल्या साहेबलोकांच्या शिक्षणावर दोन कोटी डॉलर. कोण शिकलं, काय शिकलं, त्याची हजेरी कुठंच मिळत नाही.

३ जून १९९७ ला वेलदूरच्या कोळीवाड्यात पहाटे पोलीस घुसले. पुरुष मासेमारीला गेलेले. बायकांना घरातून ओढून काढलं, मारलं, गाडीत घातलं. हे मी मनानं सांगत नाही. ह्यूमन राइट्स वॉचनं १९९९ च्या जानेवारीत अख्खा अहवाल काढला, त्यात आहे. पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही त्यात आहे. आणि त्याच साली ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. आपली दहा माणसं गेली. दोन्हींचं कारण एक नव्हतं. सरकार एक होतं, लाठी एका गोदामातली होती. वेलदूरच्या बायका आपल्या जातीच्या नव्हत्या म्हणून आपण तेव्हा तिकडे बघितलं नाही. त्यांनीही रमाबाई नगराकडे बघितलं नसेल. ही फूट कुणाला परवडते?

१९९९ च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला, ७४० मेगावॅटचा. आता गंमत बघा. गॅस आलाच नव्हता! गॅस उतरवायचा धक्का, टाक्या, सगळं दुसऱ्या टप्प्यात होतं. ओमान आणि अबू धाबीशी गॅसचे करार झाले होते, जहाजं यायची होती. तोवर जाळलं नाफ्था. नाफ्था म्हणजे खनिज तेलातून निघणारं, पेट्रोलच्या भावकीतलं. तेल महागलं, नाफ्था महागला. १९९३ साली ३१ रुपयांचा असलेला डॉलर २००१ पर्यंत ४६ च्या वर गेला. २००० च्या पावसाळ्यात दाभोळची वीज मंडळाला युनिटला सात रुपयांच्या वर पडली. महाग म्हणून मंडळानं कमी घेतली. कमी घेतली तर युनिट आणखी महाग, कारण महिन्याचे ९५ कोटी रुपये ठरलेले. वीज घ्या नाहीतर नका घेऊ. खानावळ!

आईच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. आपण जास्त जाळलं नव्हतं. जे जाळलं नाही त्याचे पैसे मंडळावर चढत होते. मंडळाचा खर्च म्हणजे शेवटी दर, आणि दर म्हणजे मुकादम आणि त्याचा पॉइंट. सगळी दरवाढ एन्रॉनची होती असं मी म्हणणार नाही. गळती होती, चोरी होती. त्यात आपले आकडेही होते, बंगल्यांचे आणि कारखान्यांचेही होते. फरक एवढाच की आपला आकडा पोलवर दिसतो, त्यांचा आकडा मीटरच्या आत असतो. पण एका केंद्राचं एवढं ओझं मंडळानं कधी उचललं नव्हतं. २००१ मध्ये माधव गोडबोले समितीनं या व्यवहाराची लक्तरं काढली. त्याच वर्षी मे महिन्यात मंडळानं वीज घेणं थांबवलं, केंद्र बंद पडलं. डिसेंबरात एन्रॉननं अमेरिकेत दिवाळं काढलं. कंपनी मेली. तिकडे अंजनवेलला लोखंड उभं राहिलं.

मग काय झालं? लोडशेडिंग झालं. तुमच्यातल्या मोठ्यांना आठवेल. २००५ पासून पुढं गावात बारा बारा तास अंधार, आणि कोकणच्या काठाला दोन हजार मेगावॅटचं केंद्र गंज खात उभं. पुढे तर लोडशेडिंगचे गट पाडले. ज्या भागात गळती जास्त आणि वसुली कमी, तिथं अंधार जास्त. ऐकायला न्याय्य वाटतं. पण गळती कुठं जास्त? जिथं मीटर दिला नाही तिथं. वसुली कुठं कमी? जिथं रोजगार नाही तिथं. आधी मीटर नाकारायचा, मग चोर म्हणायचं, मग अंधार वाटायचा. विहिरीचं पाणी नाकारून माणसाला अस्वच्छ म्हणण्याची जुनीच रीत ही, फक्त आता तिला तारा लावल्यात.

२००५ साली सरकारी कंपन्यांनी ते केंद्र विकत घेतलं. नाव ठेवलं रत्नागिरी गॅस अँड पॉवर. ते सुरू झालं, वीज आली. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात समुद्राखाली सापडलेला देशी गॅस २००९ पासून मिळू लागला. आता भलं होणार असं वाटलं. दोन-तीन वर्षांत त्या विहिरींचा गॅस घसरला आणि २०१३ पर्यंत वीजकेंद्रांना मिळेनासा झाला. परत चाकं थांबली. मग केंद्र म्हणालं, देशी गॅस नाही तर परदेशी द्रवरूप गॅसवर करून देतो. राज्याची वितरण कंपनी म्हणाली, तो महाग आहे, आमची संमती नाही, नको. केंद्र म्हणालं, नको तर नको, पण आम्ही तयार होतो, स्थिर आकार द्या. भांडण आयोगातून लवादात, लवादातून सर्वोच्च न्यायालयात. २०२३ च्या नोव्हेंबरात निकाल लागला: द्या. करारात तसं लिहिलंय. वीज वापरली नाही, गॅस जळला नाही, पण पैसे द्या. न्यायालयाला दोष देऊन उपयोग नाही, त्यानं कागद वाचला. आपण वाचला नव्हता.

हे फक्त दाभोळचं नाही. आज देशात गॅसवरची केंद्रं आहेत वीस हजार मेगावॅटच्या वर, आणि देशाच्या एकूण विजेत त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. बाकी लोखंड उभं आहे. बँकांचं कर्ज त्यात आहे, म्हणजे आपलीच बचत. उरणला आपल्या राज्याचं गॅसकेंद्र आहे, बॉम्बे हायच्या गॅसवर १९८२ पासून चाललेलं, ६७२ मेगावॅटचं. तेसुद्धा पुरेसा गॅस नाही म्हणून पूर्ण ताकदीनं चालत नाही.

असं का होतं? गॅस समुद्रापलीकडून आणायचा तर आधी उणे १६२ अंशांपर्यंत गार करून पातळ करावा लागतो. मग तो सहाशे पट लहान होतो, जहाजात मावतो. इकडे परत तापवून वायू करायचा. गार करायला पैसे, जहाजाला पैसे, तापवायला पैसे, नळीला पैसे, आणि सगळा भाव डॉलरात. त्याचं माप आहे दहा लाख बीटीयू. चांगल्या केंद्रात तेवढ्या गॅसमधून साधारण १३५ युनिट वीज निघते. भाव १० डॉलर असला आणि डॉलर ८५ रुपयांना धरला, तर नुसत्या इंधनाचेच सव्वासहा रुपये युनिटला पडले. अजून यंत्राचे, तारांचे, पगाराचे बाकीच आहेत. आणि भाव दहावर थांबतो थोडाच! २०२० साली कोरोनात आशियाच्या बाजारात तो दोन डॉलरच्याही खाली गेला होता. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर सैन्य घातलं आणि मार्चमध्ये तोच भाव काही दिवस ऐंशीच्या वर गेला. आपल्या सरकारी गॅस कंपनीचा एका रशियन कंपनीच्या शाखेशी वीस वर्षांचा करार होता. त्यांनी जहाजं पाठवणं बंद केलं. सांगा, आता कुणाच्या दारात जाऊन भांडायचं?

लंडनला, स्लाउला आपली मराठी माणसं आहेत. माझ्या मित्राचा भाऊ तिकडे नर्सिंग होममध्ये आहे. २०२२ च्या हिवाळ्यात तो फोनवर म्हणाला, हीटर लावत नाही, दोन स्वेटर घालतो. मला वाटलं थट्टा करतोय. नाही. तिकडे बाजारात विजेचा भाव कसा ठरतो बघा. त्या तासाला लागणारी सगळ्यात महाग वीज जी, तिचा भाव सगळ्यांना. वारा फुकट वाहत असतो, तरी बहुतेक तासांना भाव गॅस ठरवतो. २०२१ च्या ऑक्टोबरात सामान्य घराची वीज-गॅसची वार्षिक कमाल मर्यादा १२७७ पौंड होती. २०२२ च्या ऑक्टोबरासाठी तीच ३५४९ ठरली. सरकारनं मध्ये पडून २५०० वर अडवली, म्हणजे उरलेलं तिजोरीतून भरलं. गोऱ्यांच्या देशातही गरीबच अंधारात बसला.

आपल्या वीजबाजारातही नियम हाच. २०२२ च्या मार्चअखेर तिथं युनिटला वीस रुपये झाले. आयोगानं एप्रिलमध्ये बारा रुपयांची टोपी घातली. २०२३ मध्ये महाग गॅसवाल्यांसाठी वेगळा बाजार काढला आणि त्यात पन्नास रुपयांपर्यंतची मुभा दिली. उन्हाळ्यात पंखे, एसी वाढले की तुमची कंपनी बाजारातून घेते, आणि तो फरक बिलात 'इंधन समायोजन आकार' म्हणून हळूच येऊन बसतो. त्या आकारावरही १६ टक्के वीज शुल्क लागतं. इंधन महागलं की करसुद्धा आपोआप वाढतो. एसी एकाचा, समायोजन दुसऱ्याचं.

आणि हे सगळं होऊनही २०३० पर्यंत देशाच्या एकूण ऊर्जेत गॅसचा वाटा १५ टक्के करायचा, असं सरकारचं उद्दिष्ट आहे. स्वयंपाकाला, खतकारखान्याला करा बापहो. आमच्या आयांचे डोळे चुलीनं गेलेत, त्याला माझा विरोध नाही. पण विजेसाठी? पुन्हा?

दुसरं काय आहे, असं तुम्ही विचाराल. आहे. ऊन आहे, वारा आहे. आणि उन्हाचं मला सगळ्यात काय आवडतं? त्याला इंधन समायोजन आकार नाही. पॅनेल एकदा लावलं की पंचवीस वर्षं सूर्य बिल पाठवत नाही. युक्रेनमध्ये काहीही होवो, डॉलर कुठंही जावो. यंत्राचा खर्च एकदाच, तो आज ठरवा, पंचवीस वर्षं तोच. २०१७ साली राजस्थानात भडल्याच्या लिलावात दर युनिटला २ रुपये ४४ पैशांवर आला. २०२० च्या डिसेंबरात गुजरातमध्ये १ रुपया ९९ पैसे निघाला. मग थोडा वर सरकला. तरी आणलेल्या गॅसचं नुसतं इंधन सहा रुपयांचं, आणि इथं अख्खी वीज तीनच्या आतबाहेर.

रात्रीचं काय, असं मागच्या वेळी एका मित्रानं विचारलं होतं. बरोबर विचारलं. ऊन मावळलं की पॅनेल झोपतं, आणि आपले बल्ब तेव्हाच लागतात. म्हणून साठवण लागते, तिचा खर्च तीन रुपयांवर चढतो. तो लपवून जो सौरऊर्जेचं कीर्तन करतो तो दुसरा एन्रॉन. पण साठवण ही आकाशातली गोष्ट नाही. इगतपुरीच्या बाजूला घाटघर आहे. विजेला मागणी कमी असताना खालचं पाणी पंपानं वर चढवायचं, मागणी वाढली की सोडायचं, २५० मेगावॅट वीज मिळते. २००८ पासून चालू आहे. बॅटऱ्याही आता झपाट्यानं स्वस्त होतायत.

म्हणजे यंत्राचा प्रश्न बराचसा सुटलाय. आता खरा प्रश्न. छत कुणाचं? जमीन कुणाची?

२०२४ च्या फेब्रुवारीपासून केंद्राची सूर्यघर योजना आहे. एका किलोवॅटला ३० हजार अनुदान, दोनला ६० हजार, तीन आणि वर ७८ हजार. एक किलोवॅट म्हणजे महिन्याला साधारण १२० युनिट. आपल्या घराला भरपूर. त्याला जागा लागते शंभर चौरस फूट. आमचं अख्खं घर होतं दहा बाय बारा! बसलं असतं बरोबर. पण छत पत्र्याचं, घर कागदावर नाही, आणि बाजूला टॉवर उभा राहिला त्याची सावली दुपारपासून आमच्यावर. सूर्यसुद्धा आम्हांला दोन तास येतो. योजना बंगल्याच्या मापानं शिवलीय, ती आपल्या अंगाला येत नाही. म्हणून सूर्य नको म्हणायचं का? नाही. माप बदलून घ्यायचं. समाजमंदिराचं छत आहे, विहाराचं आहे, पालिकेच्या शाळेचं आहे, पुनर्वसनाच्या सातमजलीची गच्ची आहे, जिथं लिफ्टचं बिल परवडत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसांना जिन्यानं चढावं लागतं. एका छतावर झालेली वीज शंभर घरांच्या बिलांत वाटून वळती करता येते. दिल्लीनं त्याचे नियम २०१९ सालीच केलेत. आपल्या वस्तीसाठी आपण हीच मागणी धरून बसलं पाहिजे: ज्याला छत नाही त्याच्या बिलातही ऊन आलं पाहिजे.

आणि जमीन. हे मन लावून ऐका, कारण तुमच्या निम्म्यांचं गाव मराठवाड्यात आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो माणसं तुरुंगात गेली. कशासाठी? गायरान, पडीक जमीन कसायला मिळावी म्हणून. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करावीत, असा निर्णय सरकारनं १९९१ साली काढला. कितीजणांचा सातबारा झाला? आपापल्या घरी विचारा. २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं काढण्याचं फर्मान सोडलं तेव्हा माझ्या मामाच्या घरी तीन दिवस चूल पेटली नाही. आणि २०२३ पासून शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या सौर योजनेसाठी सरकारी जमिनी दिल्या जातायत, त्यात गायरानही आहे. योजना चांगली आहे. रात्री पंप चालू करायला जाऊन साप चावून मेलेली माणसं मला ठाऊक आहेत. पण पंप ज्याचा त्याला दिवसा वीज, आणि ज्याला पंपच नाही त्याच्या पोटाखालची जमीन पॅनेलखाली? खाजगी जमीनवाल्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं मिळतं. तीस वर्षं गायरान कसणाऱ्याला काय मिळतं? अतिक्रमणाची नोटीस.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. पॅनेल फोडायला जाऊ नका. काही गावांत तसा सूर निघतोय. ग्रामसभेत उभं राहून विचारा, कसणाऱ्याचं नाव करारात आहे का, भाड्यात त्याचा वाटा आहे का, पोरांना तिथं काम आहे का. करार पाहायला मागा. मराठीत मागा. मंत्रालयातल्या शिकलेल्या लोकांनी एकदा न वाचता किंवा वाचून सह्या केल्या, त्याचे हप्ते मुकादमामार्फत माझ्या आईनं भरले.

वीज आयोगापुढे दरवाढीच्या सुनावण्या होतात. तिथं कुणीही उभं राहून बोलू शकतो, वकील लागत नाही. मी एकदा गेलो होतो. कारखानदारांच्या संघटना फायली घेऊन बसल्या होत्या. वस्तीतला म्हणून मी एकटाच. मला बोलायला दिलं, ऐकूनही घेतलं. माझ्याजवळ एकच कागद होता, नऊ घरांचं एक बिल. पुढच्या वेळी पन्नास बिलं घेऊन जाऊ.

तुम्हांला सगळ्यांना घरचं बिल आणायला सांगितलं होतं. आणलंत ना? काढा. ज्यांच्याकडे नाही, भाड्यानं राहतात, त्यांनी मालक किती घेतो ते चिठ्ठीवर लिहा. आता बिल उलटं करा. बारीक अक्षरात रकाने आहेत: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. ताई, तुमच्यापासून सुरुवात करू. मोठ्यानं वाचा. चौथ्या ओळीत काय लिहिलंय?